दहाच्या जेवणानंतर : निवृत्ती आणि मराठी स्वयंपाकघर

गेल्या वर्षी आमच्या महाविद्यालयातील एक ज्येष्ठ सहकारी सेवानिवृत्त झाले. निरोप समारंभ रीतीप्रमाणे पार पडला. शाल-श्रीफळ झाले, प्राचार्यांचे भाषण झाले, 'आता खऱ्या अर्थाने वाचन-लेखन सुरू होईल' हे नेहमीचे वाक्य तीन वक्त्यांनी तीन प्रकारे उच्चारले. अखेरीस सूत्रसंचालकांनी त्यांच्या पत्नीला दोन शब्द बोलण्याची विनंती केली. बाई संकोचत उठल्या आणि म्हणाल्या, "तेहतीस वर्षं सकाळी सातला यांचा डबा भरला. उद्यापासून डबा नाही. आता बाराला गरम पोळी आणि तीनला चहा. माझ्यापुरता एवढाच फरक." सभागृहात हशा पिकला. आम्हीही हसलो.

घरी परतल्यावर मात्र ते वाक्य मनातून जाईना. निवृत्तीविषयी आपल्याकडे पुष्कळ लिहिले-बोलले जाते. निवृत्तिवेतन, मुलांचे परदेशगमन, एकाकीपणा, आरोग्य हे विषय चर्चासत्रांतून येतात, नाटका-कादंबऱ्यांतून येतात. पण निवृत्तीच्या दुसऱ्या दिवशी घरातल्या चुलीचे काय होते, कोण केव्हा काय खातो आणि ते कोण रांधतो, या प्रश्नाकडे अभ्यासाचा विषय म्हणून क्वचितच पाहिले जाते. त्या प्रश्नाला इतिहास आहे, आणि तो आपण समजतो त्याहून जुना आहे. प्रस्तुत लेखात त्याचा माग काढण्याचा प्रयत्न करावयाचा आहे. मराठी मध्यमवर्ग हे आमचे मुख्य क्षेत्र राहील, कारण 'रिटायर होणे' ही कल्पना प्रथम याच वर्गाच्या घरात शिरली.

१

निवृत्ती ही इंग्रजी कचेरीने आणलेली गोष्ट असली, तरी उतारवयात आहार बदलला पाहिजे हा विचार आपल्या परंपरेला नवा नाही. मनुस्मृतीच्या सहाव्या अध्यायात वानप्रस्थाचे नियम येतात. अंगावर सुरकुत्या दिसू लागल्या, केस पिकले, नातवाचे तोंड पाहिले, की गृहस्थाने वनाची वाट धरावी, असे तेथे सांगितले आहे. जाताना त्याने प्रथम काय सोडायचे? ग्राम्य आहार आणि घरातील चीजवस्तू. ग्राम्य आहार म्हणजे गावचे अन्न, नांगरलेल्या शेतातले धान्य. त्याऐवजी रानात आपोआप उगवणारे धान्य, फुले, मुळे आणि फळे यांवर त्याने राहावे. पत्नीला मुलांच्या हवाली करावे किंवा बरोबर न्यावे. आश्रम बदलला याची पहिली खूण ताटात दिसावी, अशी ही व्यवस्था आहे.

आयुर्वेद याच वयाकडे निराळ्या नजरेने पाहतो. वाग्भटाच्या मते वयाच्या अखेरच्या टप्प्यात वाताचे प्राबल्य असते, आणि वातावरचा उतारा म्हणजे स्निग्ध व उष्ण अन्न. म्हणजे धर्मशास्त्र म्हातारपणी गावचे अन्न सोडायला सांगते, तर वैद्यक ऊन-ऊन भातावर तूप वाढायला सांगते. मराठी घरांतून या दोन्ही आज्ञा एकाच वेळी पाळल्या गेल्या आहेत. एकादशी, चतुर्थी, चातुर्मासातले एकभुक्त हे पहिलीचे अवशेष. मऊ भात, मेतकूट, साजूक तूप हे दुसरीचे.

या संदर्भात महाभारतातील आश्रमवासिक पर्व पुन्हा वाचण्याजोगे आहे. युद्धानंतर धृतराष्ट्र पंधरा वर्षे युधिष्ठिराच्या आश्रयाने राहिला. राज्य गेले होते, पण थाळी गेली नव्हती. त्याच्या सेवेत पूर्वीप्रमाणेच निरनिराळ्या प्रकारचे आचारी होते. रांधणारे वेगळे, गोड व चटकदार पदार्थ करणारे वेगळे. युधिष्ठिराने काही कमी पडू दिले नाही. तरी भीमाचे टोमणे कानी पडत होते. पुढे वनात जाण्याची परवानगी मागताना धृतराष्ट्र एक गोष्ट उघड करतो. तो कित्येक दिवस रोजचे जेवण घेतच नव्हता. बऱ्याच अंतराने, भूक-तहान भागेल एवढेच खात होता, आणि हे केवळ गांधारीला ठाऊक होते. दुसऱ्याच्या सत्तेखालच्या घरात म्हाताऱ्या माणसाचे जेवण कमी का होते, याचे इतके नेमके निदान आम्हाला अन्यत्र आढळलेले नाही. पचनशक्तीच्या जोडीला तेथे दुसरेही एक कारण असते.

तो वनात गेला तेव्हा गांधारी त्याच्याबरोबर गेली आणि कुंतीही गेली. कुंती कशासाठी गेली? थोरल्या दीर-जावेची सेवा करण्यासाठी. राजाला वानप्रस्थ मिळाला; राजमातेला वनातही शुश्रूषेचे काम राहिले. आमच्या सहकाऱ्यांच्या पत्नीने समारंभात जे सांगितले, त्याची बीजे येथपर्यंत मागे जातात.

२

आता एकोणिसाव्या शतकात येऊ. १८५३ साली बोरीबंदर ते ठाणे ही आगगाडी सुरू झाली. कचेऱ्या, न्यायालये, शाळा, टपालखाते यांचा पसारा वाढत गेला आणि त्यांच्याबरोबर घड्याळ घरात आले. तोपर्यंत मध्यमवर्गीय घरातले मुख्य जेवण स्नान, पूजा, नैवेद्य या क्रमाने दुपारी होत असे. कचेरी दहा-अकराला उघडू लागली तेव्हा नैवेद्याचा क्रम तिला जुळवून घ्यावा लागला. 'दहाचे जेवण' ही आपल्या खाद्यजीवनातील एक मोठी क्रांती होय. सकाळी उठल्यापासून दोन-अडीच तासांत वरण, भात, भाजी, पोळी, चटणी, ताक असे चौरस ताट तयार करायचे आणि ते घरच्या कर्त्या पुरुषाने भूक असो वा नसो पंधरा मिनिटांत संपवायचे, ही रीत भुकेतून आलेली नाही. ती हजेरीपटातून आली.

मुंबईत अंतरे लांबली तेव्हा दहाचे जेवणही अपुरे पडले. १८९० साली महादू हावजी बच्चे यांनी सुरू केलेली डबेवाल्यांची व्यवस्था हे त्याचे उत्तर होते. माणूस सकाळी निघून जाई, आणि त्याचे घरचे अन्न मागाहून त्याच्या मागोमाग प्रवास करी. जातीचे व चवीचे सोवळे कचेरीच्या वेळापत्रकात सांभाळण्याचा हा मार्ग होता. १९०६ मध्ये देशभर एक प्रमाणवेळ लागू झाली तेव्हा मुंबईने तिला विरोध केला. महानगरपालिकेची घड्याळे पुढे दीर्घकाळ, म्हणजे १९५५ पर्यंत, जुन्या मुंबई वेळेप्रमाणे चालत राहिली. दोन वेळांत सुमारे एकोणचाळीस मिनिटांचे अंतर. चाळीतल्या स्वयंपाकघरात एकोणचाळीस मिनिटे म्हणजे काय, हे कोळशाची शेगडी पेटवणाऱ्या बाईने सांगावे.

ज्या कचेरीने जेवणाची वेळ ठरवली, तिनेच निवृत्तीचे वयही ठरवले. सरकारी नोकरीत ते दीर्घकाळ पंचावन्न होते. केंद्र सरकारने १९६२ साली ते अठ्ठावन्न केले आणि १९९८ साली साठ. १८७१ च्या कायद्याने निवृत्तिवेतनाला एक चौकट दिली, पण ती सरकारची कृपा आहे ही भावना पुढे शंभर वर्षे टिकली. १७ डिसेंबर १९८२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने नाकरा खटल्यात निवृत्तिवेतन हा हक्क असल्याचे स्पष्ट केले. त्या घटनापीठाचे प्रमुख न्यायमूर्ती यशवंत चंद्रचूड होते. ज्या पुण्याला 'पेन्शनरांचे गाव' म्हटले जाते त्याच पुण्याचे ते, हा योगायोग नोंदवण्यासारखा आहे.

पेन्शनर या नव्या माणसाच्या घरात काय बदलले? पहिली गोष्ट, दहाचे जेवण पुन्हा बारावर गेले. पोकळी भरायला सकाळची न्याहारी आली. पूर्वी घाईत एक कप चहा घेऊन आंघोळीला पळणारा माणूस आता साडेआठला पोहे, उपमा, सांजा यांची अपेक्षा धरू लागला. दुसरी गोष्ट, चहाच्या फेऱ्या वाढल्या. कचेरीतला अकराचा आणि तीनचा चहा घरी आला. करणारा कॅन्टीनचा पोऱ्या मात्र आला नाही. तिसरी गोष्ट, मंडई. निवृत्त पुरुष पिशवी घेऊन मंडईत जाऊ लागला. भाव विचारणे, घासाघीस करणे, स्वस्त मिळाली म्हणून मेथीच्या चार जुड्या आणणे, हा त्याचा नवा उद्योग झाला. त्या चार जुड्या निवडायच्या कोणी, हा प्रश्न मंडईत कुणी विचारत नाही.

दिसायला या बारीकसारीक गोष्टी आहेत. पण त्यांची बेरीज केली तर निवृत्तीनंतर घरातील स्वयंपाकाचे काम घटत नाही, उलट वाढते, असा निष्कर्ष निघतो. पूर्वी दहानंतर सायंकाळपर्यंत स्वयंपाकघर बाईचे होते. त्या वेळात ती उरलेसुरले खाई, जरा आडवी होई, पापड लाटी, शेजारी जाऊन बसे. साठ वर्षांच्या माणसाचा दिवस मोकळा झाला तेव्हा त्याच्या पत्नीची ती दुपार गेली.

३

येथे भाषेकडे वळणे भाग आहे. मराठीत रांधण्याला 'स्वयंपाक' म्हणतात. स्वयम् अधिक पाक, स्वतः शिजवणे. 'स्वयंपाकी' या शब्दाचा एक जुना अर्थ आपले अन्न आपणच शिजवून खाणारा सोवळा पुरुष असा आहे. काशीयात्रेला निघालेला, परक्याच्या हातचे न खाणारा ब्राह्मण स्वयंपाकी असे. म्हणजे पुरुषाला रांधता येत नव्हते असे नाही. सोवळ्यासाठी, यात्रेसाठी, पंगतीचा आचारी म्हणून तो उत्तम रांधत असे. घरात रोज दुसऱ्यासाठी रांधणे मात्र त्याच्याकडे नव्हते. शब्दात 'स्वयम्' उरला आणि चुलीशी दुसरीच व्यक्ती बसली.

ती व्यक्ती बहुधा कोण असे? एकोणिसाव्या आणि विसाव्या शतकाच्या पूर्वार्धातील अनेक उच्चवर्णीय घरांत ती विधवा असे. आत्या, मावशी, थोरली जाऊ, कधी कोवळ्या वयाची मुलगी. मनुस्मृतीच्या पाचव्या अध्यायात विधवेचा आहार सांगितला आहे : तिने फुले, मुळे आणि फळे खाऊन देह झिजवावा. पुढच्याच अध्यायात वानप्रस्थ पुरुषाला हीच त्रयी सांगितली आहे. शब्द तेच, अर्थ मात्र अगदी वेगळा. पुरुषाच्या बाबतीत तो पूर्ण आयुष्य भोगून झाल्यावर स्वीकारायचा आश्रम आहे. स्त्रीच्या बाबतीत तो वयाच्या बाराव्या वर्षीही लादला जाऊ शकत होता. आणि मुख्य फरक असा की वानप्रस्थी घरातून निघून जातो, त्यामुळे त्याच्यापुढे पंचपक्वान्ने कोणी आणत नाही. विधवा मात्र घरातच राहते. ती एकवेळ जेवते, रात्री थोडा फराळ करते, आणि दोन्ही वेळा साऱ्या घराला रांधून घालते. गोडाधोडाचा वास घेत निवृत्तीचे व्रत पाळण्याची ही सक्ती होती. चुलीपासून सुटका मात्र नव्हती. सोवळ्यातल्या विधवेचा हात पवित्र, म्हणून स्वयंपाक तिनेच करायचा.

आपल्या खाद्यसंस्कृतीच्या गौरवगाथेत ज्या पदार्थांचा उल्लेख आपण मोठ्या प्रेमाने करतो, त्यांतले किती या हातांतून आले असतील, याचा हिशेब कुठे मांडलेला नाही. 'आजीच्या हातची चव' असे आपण म्हणतो. तो हात सत्तराव्या वर्षीही पळीवर का होता, असे विचारीत नाही.

छापील पाकपुस्तकांतही हे मौन आहे. रामचंद्र सखाराम गुप्ते यांचे 'सूपशास्त्र' १८७५ सालचे. लक्ष्मीबाई धुरंधर यांचे 'गृहिणी-मित्र अथवा एक हजार पाकक्रिया' १९१० चे. पुढे या प्रकारची पुष्कळ पुस्तके आली. सणाचे पदार्थ, उपवासाचे पदार्थ, आजाऱ्याचे पथ्य, बाळंतिणीचा आहार असे कप्पे मराठी पाकपुस्तकांत रुळले. त्यांची कल्पित वाचक नवी सून असते. शिकण्याचे वय तिचेच, असे गृहीत आहे. स्वयंपाक कोणत्या वयात सुरू करावा हे ही परंपरा सांगते. तो केव्हा थांबवावा, हे मात्र ती सांगत नाही.

४

१९७० हे वर्ष या दृष्टीने लक्षणीय आहे. त्या वर्षी कमलाबाई ओगले यांचे 'रुचिरा' प्रसिद्ध झाले, आणि त्याच वर्षाच्या डिसेंबरात वि. वा. शिरवाडकरांचे 'नटसम्राट' रंगभूमीवर आले. दोन्ही कृतींनी मध्यमवर्गीय मराठी घराचा कब्जा घेतला, पण वेगवेगळ्या खोल्यांतून. 'नटसम्राट' दिवाणखान्यात चर्चिले गेले. निवृत्त नट आपली मालमत्ता मुलांना वाटून टाकतो आणि मग त्यांच्याच घरांत उपरा ठरतो, ही शोकांतिका अठ्ठावन्नाव्या वर्षाकडे सरकणाऱ्या प्रत्येक कारकुनाला स्वतःची वाटली. जयवंत दळवींच्या 'संध्याछाया'ने त्याच दशकात मुले दूर गेलेल्या घरातील म्हातारे जोडपे रंगमंचावर आणले. निवृत्तीचे दुःख मराठीत प्रतिष्ठित झाले ते या नाटकांमुळे.

'रुचिरा' स्वयंपाकघरात राहिले. वाटी-चमच्याची मापे देऊन कमलाबाईंनी अंदाजाची विद्या सांगता येण्याजोगी केली. सासूच्या देखरेखीवाचून, बदलीच्या गावी, एकटीने संसार थाटणाऱ्या मुलीला त्या पुस्तकाचा मोठा आधार झाला. कमलाबाईंनी हे पुस्तक दिले तेव्हा त्यांची पन्नाशी उलटून गेली होती. ज्या वयात सरकार पुरुषाला शाल-श्रीफळ देऊन घरी पाठवीत होते, त्या सुमारास एका स्त्रीने आपल्या चुलीवरच्या अनुभवाचे ग्रंथात रूपांतर केले. साहित्याच्या इतिहासात या दोन कृतींचा उल्लेख एका वाक्यात होत नाही. एकाच वर्षाच्या, एकाच वर्गाच्या या दोन नोंदी असूनही.

साधनेही याच काळात बदलत होती. मुंबईत घरगुती गॅस १९५५ च्या सुमारास आला. प्रेशर कुकरचे देशी उत्पादन १९५९ पासून सुरू झाले. भात-वरण-बटाटे एकाच वेळी, पाऊण तासाऐवजी वीस मिनिटांत. चुलीपुढे फुंकणी घेऊन बसण्याचे श्रम संपले. पण या साधनांचा एक परिणाम असाही झाला, की वय झाले म्हणून चूल सोडण्याचे जे थोडेफार शारीरिक कारण होते तेही गेले. ओट्यापाशी उभे राहून कळ फिरवायची आहे, त्याला काय लागते, असे म्हणणे सोपे झाले.

या पिढीच्या ताटावर टंचाईचीही छाया होती. १९४३ च्या रेशनिंगमध्ये ज्यांचे बालपण गेले आणि १९७२ च्या दुष्काळात ज्यांनी परदेशातून आलेल्या मिलोची तांबडी भाकरी खाल्ली, ती माणसे ऐंशी आणि नव्वदच्या दशकांत निवृत्त झाली. शिळ्या पोळीचा कुस्करा, उरलेल्या भाताचा फोडणीचा भात, ताटात काही न टाकणे या त्यांच्या सवयी हातात पैसा आल्यावरही गेल्या नाहीत. डॉक्टरांनी वर्ज्य केलेली साखर ते सोडतात. काल उरलेली भाजी टाकून देणे मात्र त्यांच्याने होत नाही.

५

आतापर्यंत पेन्शनराविषयी लिहिले. ज्याला पेन्शनच नाही त्याचे काय? शेतकरी आणि शेतमजूर यांना निवृत्तीचे वय नसते. अंग थकले की काम हलके होते, राखणीचे होते; भाकरी दुधात किंवा कालवणात कुस्करून खाण्याइतकी मऊ लागते, एवढाच आहारातला बदल.

गिरणगावातील कामगाराची गोष्ट निराळी. तो कोकणातून, घाटावरून एकटा आला. भोंग्याच्या वेळेवर पाळीत गेला आणि खानावळीत जेवला. खानावळ चालवणाऱ्या बाया कामगारांच्याच घरच्या होत्या. सावकारी पाशातून त्यांना सोडवण्यासाठी प्रेमा पुरव यांनी १९७५ मध्ये अन्नपूर्णा महिला मंडळ उभे केले. १८ जानेवारी १९८२ रोजी गिरण्यांचा संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार त्यात उतरले; त्यांतले असंख्य पुन्हा कामावर गेलेच नाहीत. चाळिशी-पन्नाशीतली ही अवेळी निवृत्ती होती. खानावळीचे मासिक देणे थांबले तसे खानावळवालीचे उत्पन्नही थांबले. गावी परतलेल्या कामगाराच्या ताटात पुन्हा पेज आणि भाकरी आली, पण ती गोडीने आलेली नव्हती. भविष्यनिर्वाह निधीच्या निवृत्तिवेतनाची किमान रक्कम २०१४ साली दरमहा १,००० रुपये ठरली. महिन्याकाठी हजार रुपयांत दोन माणसांची डाळ, तेल आणि गॅस बसवून पाहावा. मध्यमवर्गात निवृत्ती जेवणाची वेळ बदलते. येथे ती जेवणच बदलते.

तिसरा प्रकार अगदी अलीकडचा, नोकरी करणाऱ्या स्त्रीच्या निवृत्तीचा. शिक्षिका, परिचारिका, टपाल-तार, आयुर्विमा आणि बँकांतील कर्मचारी म्हणून साठ-सत्तरच्या दशकांत ज्या मोठ्या संख्येने नोकरीत शिरल्या, त्या नव्वदनंतर निवृत्त होऊ लागल्या. २०००-०१ मध्ये सरकारी बँकांनी स्वेच्छानिवृत्तीची योजना आणली, तेव्हा त्यांतल्या काही पन्नाशीतच घरी आल्या. या पिढीने तीस वर्षे दोन डबे भरले, एक नवऱ्याचा आणि एक स्वतःचा. त्यांच्यापैकी कित्येकींकडून आम्ही एकच गोष्ट ऐकली आहे : निवृत्तीनंतर प्रथमच दुपारी ताट वाढून घेऊन, बसून, गरम पोळी खाल्ली. सुट्टीच्या दिवशीही ती मिळत नसे, कारण सुट्टीला घरचे सारे जेवायला असत.

त्यांच्यापुढे नवा पेच उभा राहिला. काहींनी राहून गेलेली हौस भागवली. अनारसे, चिरोटे, सांडगे, जे नोकरीत जमले नाही ते केले. काहींना मात्र ओट्यापाशी उभे राहणे नकोसे झाले होते, आणि हे बोलून दाखवण्याची सोय नव्हती. 'आता काय, मोकळीच आहेस' या वाक्याने त्यांची नोकरीतून निवृत्ती आणि स्वयंपाकघरातील पूर्णवेळ नेमणूक एकाच दिवशी झाली. २०१९ च्या राष्ट्रीय वेळ-वापर पाहणीनुसार घरकाम करणाऱ्या स्त्रिया त्यावर दिवसाला सरासरी २९९ मिनिटे खर्च करतात आणि घरकाम करणारे पुरुष ९७ मिनिटे. पुरुषांतले बहुसंख्य तर ते मुळी करीतच नाहीत. ही आकडेवारी सर्व वयांची आहे. निरोप समारंभाने त्यात फरक पडतो असे मानायला आजूबाजूला फारसा आधार दिसत नाही.

दरम्यान घर लहान झाले. मुले पुण्याहून बंगळुरूला, तेथून परदेशी गेली. स्वातंत्र्याच्या वेळी भारतीयांचे सरासरी आयुर्मान बत्तीस वर्षांच्या आसपास होते. आज ते सत्तरच्या घरात आहे. २०११ च्या जनगणनेत साठीपुढच्या भारतीयांची संख्या दहा कोटींवर गेली होती. निवृत्तीनंतरचा काळ हा आता आयुष्याचा शेपटाचा भाग राहिलेला नाही. तो वीस-पंचवीस वर्षांचा स्वतंत्र कालखंड झाला आहे, आणि त्याला स्वतःचा स्वयंपाक लागतो. दोन माणसांचे पुरण घालायचे कसे? अळूचे फदफदे दोघांपुरते होत नाही. दहा माणसांच्या हाताला सवय असलेली बाई दोघांचे करताना हटकून जास्त करते आणि मग तीन दिवस तेच खाल्ले जाते. दात गेले, कवळी आली, साखर वाढली, मीठ कमी करायचे आहे. व्रताची जागा पथ्याने घेतली आणि पंचांगाची जागा शीतकपाटावर चिकटवलेल्या तक्त्याने. वयाबरोबर शरीराची ऊर्जेची गरज घटते, प्रथिनांची घटत नाही, असे आहारशास्त्र सांगते. प्रत्यक्षात एकट्या पडलेल्या घरांत चहा-बिस्किटे आणि खिचडी उरते, आणि डाळी, दूध, कडधान्ये कमी होतात. धर्मशास्त्राला अभिप्रेत नसलेला एक वानप्रस्थ येथे आपोआप घडत असतो.

पोळी-भाजी केंद्रे आणि घरपोच डबे हा यावरचा शहरी उपाय. ज्याने आयुष्यभर घरचा डबा कचेरीत खाल्ला, तो उतारवयात बाहेरचा डबा घरी खातो. आम्ही याला अवनती मानीत नाही. तो डबा ज्या दिवशी येतो त्या दिवशी कोणाची तरी दुपार मोकळी होते.

६

या सगळ्यातून आम्हाला एक गोष्ट जाणवते. आहार हे आश्रमांतराचे चिन्ह आहे, ही जुनी समजूत चुकीची नव्हती. कोण काय खातो हे पाहून तो जीवनाच्या कोणत्या टप्प्यावर आहे हे ओळखता येते. पण खाणाऱ्याकडे पाहताना रांधणाऱ्याकडे पाहायचे राहून गेले. स्मृतिकारांनी वानप्रस्थ सांगितला तो गृहस्थाला. कचेरीने निवृत्ती दिली ती कर्मचाऱ्याला. न्यायालयाने हक्क मान्य केला तो पेन्शनराचा. चुलीवरून निवृत्त होण्याचे वय अद्याप कोणी ठरवलेले नाही. स्त्रीला ते आजवर मिळाले ते बहुधा आजारपणाने, किंवा सून आल्याने. म्हणजे एकीची सुटका दुसरीच्या नेमणुकीतून.

साहित्याच्या विद्यार्थ्यांनी या दृष्टीने आत्मचरित्रे वाचून पाहावीत, असे सुचवावेसे वाटते. पुरुषांच्या आत्मचरित्रांत निवृत्तीला प्रकरण असते. स्त्रियांच्या आत्मचरित्रांत त्या वयात स्वयंपाक कोण करीत होते, हे शोधावे लागते. ते एखाद्या वाक्याच्या पोटात सापडते. अशी वाक्ये एकत्र केली तर एक वेगळाच इतिहास उभा राहील.

असो. आमच्या ज्या सहकाऱ्यांपासून हा लेख सुरू झाला, त्यांच्या घरी परवा जाणे झाले. सकाळचे अकरा वाजले होते. बाई घरी नव्हत्या. भजनी मंडळाला गेल्या होत्या. सर ओट्यापाशी उभे होते. शेजारी त्यांची जुनी अंतर्गत गुणांची वही उघडी होती आणि तिच्या मागच्या पानांवर कुकरच्या शिट्ट्यांचा हिशेब होता. 'तांदूळ : एक वाटी. पाणी : बोटाचे दीड पेर (तिच्या बोटाचे).' कंसातल्या दोन शब्दांखाली त्यांनी रेघ मारली होती. त्यांचे बोट जाडजूड, त्यामुळे पहिले चार दिवस भात आसट झाला, असे त्यांनी सांगितले. मग भांड्यातले पाणी त्यांनी वाटीने मोजून घेतले आणि पुढच्या ओळीत माप लिहून ठेवले.

आम्ही जेवूनच निघालो. भात मोकळा झाला होता. वरणात मीठ थोडे कमी होते, पण ते पथ्याचे असावे.